अनिताबाईंची मागची सीट

मित्रांनो, वय लपवण्याची मला सवय नाही. मी बारा वर्षांची जुनी मोटारसायकल आहे. पण जुनी म्हटल्यावर किक मारून मारून माणसाला घाम फोडणारी, धूर ओकणारी गाडी तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल, तर ती आधी बाजूला सारा. माझे इंजिन हजार सीसीच्या वरचे आहे, चार सिलिंडरचे. टाकी भरली की माझे वजन अडीच क्विंटलच्या पुढे जाते. माझ्यासारख्या गाड्यांना स्पोर्ट टूरिंग म्हणतात. म्हणजे वाऱ्यासारखे पळायचे, शिवाय दोन माणसांना सामानासकट लांबवर आरामात न्यायचे. एकाच सुनेत सगळे गुण शोधणारी सासरची मंडळी असतात ना, तशी माझी गिऱ्हाइके.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी माझा एकेक बोल्ट मापून आवळला. समोरची काच बटणावर वर-खाली होईल अशी बसवली. दोन्ही बाजूंना किल्लीने लागणारे आणि निघणारे डबे दिले. मागच्या सीटवर तर त्यांनी इतका जीव लावला होता, की मला वाटले, आता माझी कदर करणारेच कुणीतरी भेटणार.

भेटला पुण्याचा विशाल. तसा मुलगा वाईट नव्हता. पण त्याला आणि त्याच्या मित्रांना माझ्याबद्दल एकच प्रश्न पडे, "टॉप किती जाते?" डब्यांमुळे मी फोटोत लठ्ठ दिसते म्हणून त्याने ते काढून माळ्यावर टाकले. रविवारी पहाटे आम्ही सातारा रस्त्याला जायचो. तो मिसळ खायचा, माझे फोटो काढायचा आणि आम्ही परत. मागच्या सीटवर त्याची बॅग बसे. मग त्याचे लग्न झाले, मुलगी झाली, दारात चारचाकी आली आणि माझ्यावर कापड पडले. दोन वर्षे मी तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी होते. शेजारची गाडी धुताना उडालेले पाणी हीच माझी अंघोळ. माझ्या एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला, तेवढीच काय ती सोबत.

मग एके दिवशी पणदऱ्याहून रतनराव आले. ते बारामतीच्या एमआयडीसीत तीस वर्षे फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी वाकून माझ्या इंजिनाला कान लावला, चेन बोटाने दाबून पाहिली आणि मान डोलावली. विशाल मोठ्या उत्साहाने माझा वेग सांगू लागला. रतनरावांनी त्याला मध्येच थांबवले.

"त्ये ऱ्हाऊ द्या साहेब. तुमी चालवा, मी मागं बसतो. मला मागची सीट बघायची हाय."

मी थक्क झाले. गाडी घेणारा माणूस मागे बसून गाडी पाहतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही अर्धा तास पुण्यात फिरलो. रतनराव दोन्ही बाजूंना पाय टाकून, ऐटीत बसले होते. प्रत्येक खड्ड्यानंतर ते म्हणायचे, "वा!" उतरले आणि लगेच व्यवहार ठरला. जाताना माळ्यावरचे डबेही आठवणीने मागून घेतले. त्या दिवशी मला कारखान्यातल्या त्या कामगारांची फार आठवण आली.

पणदऱ्यात माझे स्वागत जोरात झाले. शेजारचे म्हस्कू तात्या माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "रतनराव, ॲव्हरेज काय देती?"

"अठरा-एकोणीस, तात्या."

"अठरा? मंग एवढं थोरलं इंजिन हिरीवर बसवा की. समदा मळा भिजंल!"

रतनरावांना कुणी ॲव्हरेज विचारी, कुणी किंमत. मला कशासाठी आणले, हे कुणीच विचारले नाही. ते ठाऊक होते फक्त त्यांच्या पत्नीला, अनिताबाईंना.

अनिताबाई घरचा एकरभर भाजीपाला एकटीच्या हिमतीवर पिकवतात. त्यांच्या मनात एकच इच्छा आहे, दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. लहानपणी त्या वडिलांचे बोट धरून तिथे गेल्या होत्या. लग्नानंतर दोनदा एसटीने गेल्या, पण दुसऱ्या वेळी कंबर अशी धरली, की परतीचा प्रवास त्यांनी रडत केला. त्यानंतरची नऊ वर्षे दर दसऱ्याला त्या घरीच बुद्धवंदना घेत आणि नागपूरच्या गर्दीची दृश्ये मोबाइलवर पाहत. चारचाकीचे तर नावच नको, बंद गाडीत त्यांना तासाभरावरच्या लासुर्ण्यापर्यंतच मळमळते. म्हणून रतनरावांनी मला आणले. वाटेल तिथे थांबायचे, तीन दिवस लागले तरी चालतील, पण यंदा बायकोला नागपूर दाखवायचेच, असा त्यांचा बेत होता.

अनिताबाईंचा मात्र विश्वास नव्हता. जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर तीस वर्षे बसूनच आपली कंबर गेली, असे त्या म्हणत.

"अवो, शंभरच्या इंजिनानं कंबर अशी झाली, तर हजारचं काय करंल?" असा त्यांचा हिशेब होता. शेवटी त्यांनी अट घातली. "नरसिंहपूरला ताईकडं जाऊन येऊ. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर व्हत्यात. परत दारात उतरताना माझ्या तोंडातनं 'आई गं' निघालं, तर नागपूर बी न्हाय आन् ही गाडी बी न्हाय."

"कबूल," रतनराव म्हणाले.  मित्रांनो, माझ्या तर टाकीतले पेट्रोल गोठले. पुन्हा ते तळघर नको, एवढेच मी मनात म्हणत होते.

दसऱ्याला तीन आठवडे होते तेव्हा आम्ही निघालो. अनिताबाईंनी हेल्मेटसाठी अंबाडा खाली मानेवर बांधला, नवी गोल साडी नेसली आणि तीस वर्षांच्या सवयीने माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"मधी डबा हाय की. पाय कुठं सोडू?"

रतनरावांनी किल्ली फिरवून डावा डबा काढला आणि ओसरीवर ठेवून दिला. काम एका मिनिटात झाले म्हणून स्वतःवर खूशही झाले. त्या माझ्यावर एका अंगाने बसल्या, दोन्ही पाय डावीकडे. पाय ठेवायला माझ्या प्रत्येक बाजूला एकाच पावलापुरती जागा आहे. त्यांचे एक पाऊल तिथे आणि दुसरे त्या पावलावर. मोठ्या बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचे नाही, म्हणून दहा किलोची गुळाची ढेप आणि भेंडी-गवारीची पिशवी उजव्या डब्यात गेली.

"तू डावीकडं, गूळ उजवीकडं. काटा कसा बरूबर!" रतनराव हसत म्हणाले. तीस वर्षांचा फिटर, पण बायको कशी बसते हे त्यांनी आयुष्यात कधी पाहिलेच नव्हते. पाहणार कसे? ती कायम पाठीमागे. मला तोंड असते, तर मी तिथेच ओरडले असते.

बारामती गेली, सणसर गेले. मी माझ्या परीने शिकस्त केली. काच वर होती, वारा लागत नव्हता, सहाव्या गिअरमध्ये माझे इंजिन अगदी हळू गुणगुणत होते. पण अनिताबाईंचे कंबरेपासून वरचे अंग पुढे वळलेले आणि खालचे डावीकडे. लासुर्ण्याच्या पुढे त्या दर दोन मिनिटांनी सीटवर सरकू लागल्या. निमगाव केतकीला त्यांनी सीटमागच्या माझ्या कडीवरची मूठ इतकी घट्ट केली, की मला वाटले, आता कडी उपटूनच येते. रतनराव विचारत, "बरं हाय ना?" आणि त्या दात आवळून म्हणत, "चला." माझे इतके हाल तळघरातसुद्धा झाले नव्हते, आणि तिथे तर मी जागची हललेही नव्हते.

नरसिंहपूरला अनिताबाईंच्या बहिणीच्या, चतुराबाईंच्या अंगणात आम्ही पोहोचलो. अनिताबाई कशाबशा उतरल्या. त्या उतरल्या आणि रतनरावांचा काटा फिरला. डावीकडचे वजन गेले, उजवीकडे गूळ तसाच. अंगणालगतच्या, नुकत्याच पाणी दिलेल्या पेरूच्या बागेकडे मी हळूहळू कलू लागले. रतनरावांनी जीव खाऊन धरले, पण अडीच क्विंटल म्हणजे अडीच क्विंटल. मी चिखलात सावकाश आडवी झाले.

चतुराबाई नऊवारीचा पदर खोचत धावत आल्या. "अगं बया, आली न्हाय तवर निजली बी?"

त्यांचे यजमान साहेबराव आणि रतनराव यांनी मला कसेबसे उठवून उभे केले. मला ओरखडासुद्धा आला नव्हता, डब्याने सगळा भार झेलला होता. आत ढेपेचे मात्र चार तुकडे झाले होते. पण माझ्याकडे कुणाचे लक्ष होते? अनिताबाई ओट्यावर हात टेकून वाकून उभ्या होत्या. त्यांना सरळ होता येत नव्हते.

"मी एसटीनं येते," त्या म्हणाल्या. "तुमी गाडी घेऊन जावा. आन् इकून टाका."

 रतनरावांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या टाकीवरचा चिखल पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच होते. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटले, आणि खरे सांगते, स्वतःसाठीही.

चतुराबाई पासष्टीच्या, पण नजर घारीची. त्यांनी बहिणीला पाहिले, मग मला पाहिले, मग माझ्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या जागा पाहिल्या.

"अने, तू शंभर किलोमीटर एका अंगावर बसून आलीस?"

"मंग कसं बसायचं? साडीत?"

"धुणं पिळल्यागत कंबर पिळलीस आन् नाव गाडीचं! दाजी, गाडी धरा जरा."

रतनरावांनी मला दोन्ही हातांनी धरले. चतुराबाईंनी साहेबरावांच्या खांद्यावर हात ठेवला, नऊवारीतला पाय टाकला आणि गड चढल्यासारख्या माझ्यावर येऊन बसल्या. पाय दोन्हीकडे, पाठ सरळ, हात मांड्यांवर.  मित्रांनो, बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या मागच्या सीटवर एक बाई, ती सीट जशी बसायला बनवली आहे, तशी बसली होती.

"अगं, ही तर खुर्ची हाय!" चतुराबाई म्हणाल्या. "चहा हितंच आणा."

साहेबराव हसून हसून खाली बसले. अनिताबाईही हसल्या, आणि हसताना कंबरेत कळ आली म्हणून पुन्हा वाकल्या.

"ताई, उतर. लोक काय म्हणत्याल?"

"भेंडीला पाणी देताना कासोटा मारतीस, तवा कोण काय म्हणतं? रानात चालतं, मंग रस्त्यावर का न्हाय?" चतुराबाई वरूनच म्हणाल्या. "माझं एक लुगडं नेस आन् बस. न्हायतर मी जाते दाजींसंगं नागपूरला."

हा घाव वर्मी बसला. जेवण झाले, अनिताबाईंनी दोन तास पाठ टेकली आणि उन्हे कलल्यावर त्या बहिणीची हिरवी नऊवारी नेसून बाहेर आल्या. रतनराव त्यांच्याकडे बघतच राहिले. लेकीबाळीला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही म्हणून चतुराबाईंनी पेरूंची पाटीच आणली होती. पण रतनरावांनी आता शहाणे होऊन त्यांतले मोजके पेरू डब्यात घेतले. मग त्यांनी वळून, मान पूर्ण मागे फिरवून, बायकोचा एकेक पाय पाहिला. डावा जागेवर होता, उजवा जागेवर होता.

"नीट बसलीस?"

"तीस वर्षांत पयल्यांदा इचारलंत," अनिताबाई म्हणाल्या. "व्हय. बसले. घ्या आता."

परतीचा तो प्रवास मी कधी विसरणार नाही. इंदापूर मागे पडले, निमगाव केतकी आली, तरी सीटवर काही हालचाल नाही. मला वाटले, झोपल्या की काय. पण त्या बोलत होत्या. वडिलांनी नागपुरात कुठे कुठे नेले, गर्दीत आपली चप्पल कशी हरवली, सगळे रतनरावांच्या कानाशी सांगत होत्या. माझ्या कडीवरची मूठ सुटली होती आणि दोन्ही हात रतनरावांच्या खांद्यांवर होते. मी मुद्दाम आवाज खाली ठेवला. माझ्या इंजिनात किती ताकद आहे, ते त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळले. तिच्यातली निम्मीसुद्धा वापरावी लागली नाही.

दिवेलागणीला पणदऱ्यात घरासमोर आम्ही थांबलो. रतनरावांनी दोन्ही पाय टेकले. इंजिन बंद केले नाही.  आता अनिताबाई उतरणार आणि त्यांच्या तोंडातून काय निघते, ते ऐकायला आम्ही दोघेही कान देऊन होतो.

पण त्या उतरल्याच नाहीत.

"उतर की," रतनराव हळूच म्हणाले. "घर आलं."

"आलं असंल. तुमी पुढं घ्या."

शेजारच्या ओट्यावरून म्हस्कू तात्यांनी विचारले, "आत्ता आला न्हवं? परत कुठं निघाला?"

"लोणी भापकरपतूर जाऊन येतो, तात्या," अनिताबाई मागच्या सीटवरून मोठ्याने म्हणाल्या. "बघते, कुठवर दुखत न्हाय ते."

परवा आम्ही नागपूरला निघत आहोत. दोन्ही डबे लागले आहेत, दोन्हीकडे सारखे सामान आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी गाडी असेल. तिला धुवा, तिचे तेल वेळेवर बदला, चारचौघांत तिचा वेगही सांगा, आमचीही छाती फुगते. पण निघण्याआधी मान वळवून, मागे जे कुणी आहे त्याला नीट बसलास का, बसलीस का, असे विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गिअर टाकू नका.