भाऊबीजेची पॉलिसी

ओवाळणीत भावानं काय घातलं हे बहिणीनं विचारायचं नसतं. पूर्णिमाच्या माहेरी, कागलला, हा रिवाजच होता. नोट असो नाहीतर सुपारी, डोक्याला लावायची आणि देवापुढं ठेवायची. म्हणून गेल्या भाऊबीजेला धाकट्या अमरसिंहानं ताटात आरोग्य विम्याची नवीकोरी पॉलिसी ठेवली, तेव्हा तिनं तीही डोक्याला लावली.

अमरसिंह नुकताच विमा एजंट झाला होता. दिवाळीआधी तिच्या खानावळीत येऊन त्यानं सह्या नेल्या होत्या. कशाच्या, हे तिनं विचारलं नव्हतं. पिठाचे हात पुसले आणि सह्या ठोकून मोकळी झाली.

"पहिला हप्ता माझ्याकडनं, आक्का," तो म्हणाला. "तुझ्या जुन्या विम्यापेक्षा दुप्पट रकमेची हाय. संक्रांतीला जुन्याचा हप्ता भरू नकोस आता. दोन-दोन कशाला?"

तिचा नवरा आकाराम तेवढा कुरकुरला. "दोन्ही कागद एकदा शेजारी ठेवून बघूया की."

"माझा भाऊ मला बुडवंल व्हय?" असं म्हणून तिनं त्याच्याकडं असं बघितलं की बिचाऱ्यानं करंजी तोंडात घातली.

आता बघा, ही बाई शिवाजी पेठेत खानावळ चालवते. मटण घेताना खाटकाला भंडावून सोडते. चटणीची मिरची मोडून, हुंगून बघितल्याशिवाय पिशवीत घेत नाही. पण भावाचं नाव निघालं की हिची अक्कल गहाण. संक्रांत आली, गेली. जुन्या विम्याचा हप्ता भरला नाही आणि तो बंद पडला.

श्रावणात गुडघ्यांनी दगा दिला. दुखणं जुनंच होतं, पण आता चुलीपुढं उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, दोन्ही सांधे बदलायला हवेत. ऑपरेशन झालं तर खानावळ चालणार, नाहीतर कुलूप. तरी पूर्णिमा निर्धास्त होती, विमा होता ना.

दवाखान्यात विम्याचं काम बघणाऱ्या तेजस्वीनं कॉम्प्युटरवर बघितलं आणि जरा घुटमळली. "काकू, या पॉलिसीत सांधे बदलायला तीन वर्षं थांबावं लागतं. तुमचं पहिलंच वर्ष चाललंय."

"पण माझा विमा लई वर्षांचा हाय."

"तो जुना. तो चालू असता तर अडचण नव्हती. नाहीतर बंद पडायच्या आधी अर्ज करून तोच या कंपनीत हलवायचा, मग जुनी वर्षं धरतात. एजंटनं सांगितलं नाही?"

अमरला ठाऊक नसेल, असं मनाशी घोकत पूर्णिमा वडापच्या भरगच्च जीपमध्ये बसली. नवा आहे पोरगा, चुकला असेल. कागलला त्याच्या घराच्या पायऱ्या ती कठड्याला धरून चढली.

टीव्हीशेजारी अमरसिंह आणि संयोगिता, त्याची बायको, यांचा समुद्रावरचा फोटो होता. संयोगितानं चहा आणला. ती बिचारी खुशीत होती. "आक्का, तुमच्यामुळं थायलंड बघितलं बघा आम्ही. बक्षिसाच्या सहलीला यांची एकच पॉलिसी कमी पडत होती."

अमरसिंहानं बायकोकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"जुना विमा हलवता येतो, हे तुला ठाऊक होतं?" पूर्णिमानं विचारलं.

"होतं की. पण हलवलेला विमा जुन्याची मुदत संपल्यावर, संक्रांतीलाच सुरू झाला असता, आक्का. स्पर्धा डिसेंबरातच संपत होती." आवाज उतरला. "गुडघं एवढ्यात जातील असं वाटलं न्हाई."

पहिल्यांदा गुडघे सुजले तेव्हा तिला डॉक्टरकडं नेणारा हाच होता. आज ना उद्या ऑपरेशन लागेल, हे यानं आपल्या कानानं ऐकलेलं. तो चुकला असता तर तिनं पोटात घातलं असतं. पण तो चुकला नव्हता. सगळं कळून-सवरून त्यानं बहिणीचे पाय डावावर लावले होते, आणि वर पहिला हप्ता भरून उपकारही केले होते. तिला एवढं वाईट आईच्या मौतीलाही वाटलं नव्हतं. चहा तसाच ठेवून ती उठली.

गणपती झाल्यावर खानावळीला कुलूप लागलं.

दिवाळीत आकाराम म्हणाला, त्याला बोलवूच नकोस. पूर्णिमानं बोलावलं. भाऊबीजेला घर पाहुण्यांनी भरलेलं. अमरसिंह नेहमीसारखा पाटावर बसला, टोपी सारखी केली.

"ऊठ," ती म्हणाली. "मला वाकता येत न्हाई."

तो उठून उभा राहिला. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. अमरसिंहानं पिशवीतून एक चकचकीत डबा काढला आणि ताटाकडं हात नेला. पूर्णिमानं ताट मागं घेतलं.

"काय हाय त्यात?"

त्यांच्या घराण्यात कुठल्या बहिणीनं हे कधी विचारलं नव्हतं. अमरसिंहाच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळायला लागलं.

"साडी हाय, आक्का."

"उघड," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर घडी मोडून दाखव. मग ताटात घाल."