बर्फात पुरलेला निरोप

फाल्गुनातली दुपार. आर्वीच्या वाटेवर पळस पेटलेले. पानांवाचून, धुरावाचून, नुसत्या रंगाने पेटलेले. आणि खिडकीच्या गजांतून स्वयंपाकघरात उतरलेलं ऊन धारदार, निर्दय, लखलखीत.

त्या उन्हात हेमांगीने आपली इन्सुलिनची बाटली धरली. आत औषध नव्हतंच. होता नुसता शुभ्र, निश्चल बर्फ.

"फ्रीजरमध्ये कोणी ठेवली, आई?"

"मीच. मटारच्या पाकिटांखाली." पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरत आई कुजबुजली. "तुला बघायला आलेल्या मुलाची आत्या पाणी घ्यायच्या निमित्ताने फ्रिज उघडते नि अख्खं घर वाचते म्हणे. हळू बोल नं माय, बैठकीत ऐकू जाईल."

हेमांगी नऊ वर्षांची असताना तिचं स्वादुपिंड मुकं झालं. 'साखर आत घ्या' हा निरोप तेव्हापासून पेशींना बाहेरूनच धाडावा लागे. निरोप म्हणजे नाजूक, नेमक्या घडीचा एक रेणू. गोठला की घडी मोडते. मग रक्तात साखरेचा पूर, आणि पेशीपेशीत दुष्काळ. भरल्या कोठारापाशी उपाशी मरण.

"वितळव नं. एक दिवस चालतं."

"चालत नाही! वितळलं तरी ते मेलेलंच."

तिच्या जिभेला केव्हाची कोरड पडली होती. आता संताप चढला, तोही रक्तातूनच. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या चिमुकल्या ग्रंथींनी आपलं रसायन उधळलं. हृदय दणाणलं, बोटं गार पडली, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या. हा एक निरोप तिच्या शरीराला अजून चोख धाडता येत होता.

ती बैठकीत गेली. पोह्यांच्या बशांमध्ये तिने ती गोठलेली बाटली ठेवली.

"मला मधुमेह आहे. लहानपणापासून. तुम्हाला दिसू नये म्हणून माझं औषध बर्फात पुरलं. नवं आणायला निघालेय. पोहे गरम आहेत, घ्या."

"अगंबाई!" आत्याचा चमचा थबकला. "मध्यस्थ तर म्हणाले, पोरगी ठणठणीत!"

"ठणठणीतच आहे. औषध मिळालं की."

आईने पदर तोंडाशी धरला. हेमांगीने वळून पाहिलं नाही.

औषधाच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, चार माणसांच्या नजरांत, तिने बाही वर सारली. नव्या बाटलीतून सुई भरली. सुई थरथरली नाही.

थेंब कातडीखाली उतरला. रक्ताच्या काळोख्या गल्ल्यांतून, दारोदार, न लाजता, न कुजबुजता, हाक देत निघाला. एक दार उघडलं. मग दुसरं. मग कोटी कोटी दारं.