उलटे बूट

आम्ही भूत मानत नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच ते सगळं सोडलं. म्हणून तर मला भुताचे सिनेमे मोकळ्या मनाने बघता येतात. नात अस्मिताच्या यूट्यूब चॅनेलवर मी जुन्या भयपटांच्या नव्या डिस्कची परीक्षणं करते, आणि माझ्याइतका हक्क त्या कामावर दुसऱ्या कुणाचा नाही. कॅम्प तीनच्या वस्तीत आमची व्हिडिओ लायब्ररी होती. हे गिऱ्हाईक सांभाळायचे, मी परत आलेल्या कॅसेटी रिवाइंड करायचे. टेप कुठे झिजली हे बघितलं की लोकांनी कुठला सीन पुन्हापुन्हा लावला ते कळायचं.

सर्वांत झिजलेली कॅसेट होती 'खडकावरची पावलं'. ह्यांचे दोस्त, बदलापूरचे धर्मराजभाऊ, त्यांचा सिनेमा. एमआयडीसीतली नोकरी सांभाळून, बारवीच्या जंगलात त्यांनी तो काढला. उलट्या पायांचं भूत खडक उतरून येतं, तिथे आमच्या कॅसेटीवर नुसत्या मुंग्या उरल्या होत्या.

यंदा एका कंपनीने तो साफ करून डिस्कवर आणला. ही डिस्क खपली तरच धर्मराजभाऊंचा दुसरा सिनेमा वाचवायचा, नाहीतर त्याची रिळं सडू द्यायची, असं ठरलेलं. त्यामुळे परीक्षणाच्या दिवशी धर्मराजभाऊ स्वतःच येऊन बसले.

चित्र इतकं लख्ख की खडकावरचं शेवाळ दिसत होतं. आणि भुताचे पायही. फॅक्टरीतले सेफ्टी बूट, मागून कापून उलटे चढवलेले, सुतळीने आवळलेले. अस्मिता फिस्सकन हसली.

भाऊंचा चेहरा उतरला. ते पाय मद्रासच्या कारागिराने रबरात घडवले, असं ते इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते.

"वहिनी, बुटांचं बोलू नका," ते म्हणाले. "लोक हसले की डिस्क मेली. म्हणा की कॅसेटवर लई भारी दिसायचं."

"कॅसेटवर काही दिसायचंच नाही, भाऊ."

मी तो सीन पुन्हा लावायला सांगितला. भूत झाला होता गोमा, बारवीकडच्या वाडीतला, भाऊंच्याच कंपनीत हेल्पर. मी बुटांवरून नजर काढून त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं. पुढे टेकायला बोटं नाहीत, मागे टाच नाही. प्रत्येक पावलाला त्याचं अंग आधी कोसळत होतं आणि मग सावरत होतं. माझ्या हातावर काटा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अस्मिताला कॅमेरा लावायला सांगितला. भाऊ उठून दाराशी जाऊन उभे राहिले, तरी मी थांबले नाही.

"ह्या डिस्कवर भुताचे बूट दिसतात," मी म्हणाले. "बघा आणि खुशाल हसून घ्या. मग तोच सीन पुन्हा लावा आणि फक्त चाल बघा. गोमा नावाच्या माणसाने ओल्या खडकावर उलट्या बुटांनी चालून दाखवलंय. रबराच्या पायांनी हे झालं नसतं. मी डिस्क घेतली, तुम्हीही घ्या."

दाराकडून आवाज आला.

"दोन्ही बूट डावे होते, वहिनी."

मी वळून बघितलं.

"स्टोअरमधून पळवले होते. घाईत उजवा मिळालाच नाही. तसाच चालला बिचारा." भाऊ येऊन माझ्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर बसले. "आणि खडक ओला नव्हता. तो आम्ही बादल्यांनी भिजवला."

अस्मिताने कॅमेरा चालूच ठेवला.