रोजचं ‘मिळालं’

अर्विन हिमेलमनला झटका आला तो मे महिन्यात. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं. बायको फिलोमेना आदल्याच वर्षी वारलेली, मूलबाळ नाही, तेव्हा तिच्या गावच्या लोकांनी त्याला न्यूफाउंडलंडच्या बुरीन भागातल्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. धाकटा भाऊ ऑब्री समुद्राच्या अलीकडे, नोव्हा स्कोशियात, ब्लू रॉक्सला बापाच्या घरात राहत होता. तोही एकाहत्तरचा. गुडघे गेल्यावर त्याने लॉबस्टरची होडी विकून टाकली होती.

अर्विन सारी उमर जहाजांवर तारयंत्रावर बसलेला माणूस. ऑब्री नऊ वर्षांचा असताना त्यानेच मधल्या भिंतीवर टकटक करून त्याला कडकट्टची, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांची, भाषा शिकवली होती. आई खालून ओरडायची, की घरात सुतारपक्षी शिरलाय का. पुढे अर्विन लग्न करून बायकोच्या गावी गेला, आणि तेव्हापासून चाळीस वर्षं दोघे भाऊ रोज दिवेलागणीला रेडिओच्या एकशे साठ मीटरच्या पट्ट्यावर एकमेकांशी बोलत आले. झटक्यानंतर तर अर्विनला बोलायला तेवढंच उरलं. डावा हात चालत होता, आणि एक हात चालत असला की कडकट्ट करता येतं. आश्रमातल्या ग्लेंडा नावाच्या परिचारिकेने त्याच्या खिडकीतून कुंपणापर्यंत एक तार ओढून दिली. आखूड तार, लहानसा रेडिओ. आवाज जेमतेम यायचा, पण यायचा.

ऑक्टोबरात शेजारच्या डोरीनने घर उबदार ठेवायचं नवं यंत्र बसवलं आणि ऑब्रीच्या रेडिओत खरखर सुरू झाली. साधीसुधी नाही, वाळूवरून लोखंडी पत्रा ओढत न्यावा तशी. पहिल्यांदा तो सांगायला गेला तेव्हा डोरीन बिचारी रोज संध्याकाळी अर्धा तास यंत्र बंद ठेवायला लागली. पण तिचा नवरा फुप्फुसांनी आजारी होता. डिसेंबरात एकदा ऑब्रीने त्याला खिडकीशी दोन घोंगड्यांत गुरफटून खोकताना पाहिलं, आणि त्याने स्वतःच जाऊन सांगितलं, की माझा रेडिओ आता ठीक आहे, यंत्र चालू राहू द्या.

ठीक काहीच नव्हतं. खरखरीतून अर्विनची ओळखीची हाक कळायची, मग एखादं अक्षर, कधी अर्धा शब्द. डाव्या हाताने दोन ओळी पाठवायला अर्विनला दहा मिनिटं लागत. पुन्हा पाठव म्हणायचं ऑब्रीच्या जिवावर यायचं. म्हणून तो ‘मिळालं’ पाठवायचा. कडकट्टमध्ये त्याला एकच अक्षर लागतं, आणि त्याचा अर्थ, तुझं सगळं नीट पोचलं. त्यापुढे तो आपल्याकडचं सांगायचा: बर्फ किती पडलं, बायको नेट्टीने आंबवलेला कोबी यंदा कसा जमला, कुणाच्या होडीला काय गावलं. दर रविवारी तो आश्रमात फोन करी. ग्लेंडा म्हणायची, मजेत आहेत तुमचे भाऊ, सदा रेडिओवर. त्याने तो निश्चिंत व्हायचा. अगदी निश्चिंत नव्हे, पण चालून जायचं.

जानेवारीत नेट्टीनेच त्याला टोकलं. “रोज तास तास डोळे मिटून बसतोस,” ती म्हणाली, “तो काय सांगतो ते कधी मला सांगत नाहीस.”

ऑब्री म्हणाला, “तेच ते. हवापाणी.” पण ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने कोठारातल्या फळ्या काढल्या, माणसाच्या उंचीचा लाकडी क्रूस केला आणि त्याच्याभोवती तारेचे आठ वेढे चौकोनी गुंडाळले. असं तारेचं कडं खांबावर फिरतं ठेवलं, की त्याच्या कडा ज्या दिशेला असतात तिकडचं ऐकू येतं आणि तोंड ज्या दिशेला असतं तिकडचं बुडतं. खरखर कुठून येते ते पाहायचं, कड्याचं तोंड तिकडे करायचं, की खरखर मेली. अर्विननेच कधीकाळी हे त्याला सांगितलं होतं.

संध्याकाळी त्याने ते अंगणात उभं करून हळूहळू फिरवलं. डोरीनच्या घराकडे तोंड गेलं आणि दार लोटल्यासारखी खरखर थांबली. ऑब्रीला इतका आनंद झाला, की त्याने खिडकीवर टकटक करून नेट्टीला बाहेर बोलावलं. मग तो अर्विनची वाट पाहत बसला. वेळ झाली, वेळ टळली, अर्विन नाही. कडं जरा वळवलं तर अर्विन दूरवर आणि त्याच्या उरावर खरखर. परत वळवलं, दोघेही गप्प. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की त्याच्या अंगणातून डोरीनचं घर आणि बुरीन एकाच रेषेत आहेत. एकाला बुडवावं तर दुसरा बुडतोच.

त्या दिवशीही त्याने ‘मिळालं’ पाठवलं.

पण जेवता जेवता त्याला सुचलं. डोरीनचं घर हाकेच्या अंतरावर. आपण बाजूला सरकलो तर ते दुसऱ्या दिशेला जाईल. अर्विन साडेसातशे किलोमीटरवर; आपण सरकल्याने त्याची दिशा काय बदलणार? दोनशे पावलांवर, खडकांच्या टोकाला, बापाचं मासे खारवायचं खोपट होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कडं बर्फातून ओढत तिथे नेलं, बॅटरीवरचा रेडिओ नेला, आणि उलट्या टोपल्यावर बसला. इथून डोरीनचं घर उत्तरेला पडत होतं. त्याने कड्याचं तोंड उत्तरेकडे केलं. खरखर विझली. आणि त्या शांततेत दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला अर्विन अक्षर न् अक्षर ऐकू आला.

अर्विन पाठवत होता: “ऑब, मला घरी ने. इथे मला नाही राहवत.” मग मोठा खंड. मग पुन्हा तेच. आणि मग, फार हळू: “तू रोज मिळालं म्हणतोस. मग येत का नाहीस?”

उत्तर पाठवायचं यंत्र घरात होतं. ऑब्री उठला तो टोपलं लवंडून, टोपी तिथेच टाकून. बर्फाळ वाटेवर दोनदा पडला. घरात शिरून त्याने कळ धरली आणि ‘येतो’ पाठवलं. तळहात सोलला होता, कळ ओली होत होती. येतो, येतो, उद्याच निघतो. पलीकडून काही आलं नाही. त्याने आश्रमात फोन लावला. फोनवर दुसरीच कुणी होती. निरोप लिहून घेते म्हणाली.

पहाटे तो गाडी घेऊन निघाला. नॉर्थ सिडनीला वाऱ्यामुळे बोट दोन दिवस अडकली. पलीकडे उतरून आणखी दीड दिवस बर्फातला रस्ता. पाचव्या दिवशी आश्रमात पोचला तेव्हा अर्विन खिडकीकडे तोंड करून पडला होता, आणि खिडकीत तार नव्हती. ग्लेंडाने बाहेर नेऊन सांगितलं, की गेल्या आठवड्यात अर्विननेच खुणेने तार काढायला लावली, रेडिओ पेटीत भरायला लावला. कुठली संध्याकाळ ते ऑब्रीने विचारलं. तीच होती. त्याचं ‘येतो’ अर्विनपर्यंत गेलंच नव्हतं. निरोपाची चिठ्ठी ग्लेंडाने वाचून दाखवली होती, पण तोवर त्यांनी मान फिरवली होती, ती म्हणाली. घरी जायचंय हे ते डाव्या हाताने लिहूनही दाखवायचे. अक्षर लागायचं नाही, आणि लागलं तरी इथे सगळेच तसं म्हणतात.

ऑब्री खाटेशी बसला. भाऊ वाळून निम्मा झाला होता. आता खोटं सांगणं सोपं होतं, रेडिओ बिघडला होता म्हणायचं. त्याने अर्विनचा डावा हात हातात घेतला आणि तोंडाने न बोलता तळव्यावर बोटाने टकटक केली: “मला ऐकू येत नव्हतं. दोन महिने. मी खोटंच मिळालं म्हणायचो. तुला पुन्हा पाठवायला लावणं जिवावर यायचं.”

अर्विनने हात सोडवून घेतला. ऑब्रीला वाटलं, संपलं. पण तो हात खाटेच्या लोखंडी कठड्यावर गेला आणि नखाने वाजू लागला.

“पुन्हा विचारायचं होतंस. मी पुन्हा पाठवलं असतं. मला दुसरं काम काय होतं?”

ऑब्रीने कपाळ कठड्यावर टेकलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पण थंडी जरा ओसरली तर रुग्णवाहिकेने बोटीपर्यंत नेता येईल. ऑब्रीने गावात एक खोली घेतली. दिवसभर तो भावापाशी असायचा, दाढी करून द्यायचा, पेज भरवायचा. अर्विन रागावलेला नव्हता. तो घराबद्दल विचारायचा: माडीवरची खोली कुणाची, विहिरीचा दगड बसवला का. ऑब्री सगळं नीट सांगायचा, आणि एखादं अक्षर हुकलं की विचारायचा. अर्विन पुन्हा वाजवायचा. कंटाळायचा नाही, हेच ऑब्रीला सोसवायचं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी, ऑब्री पोचायच्या आत, अर्विन गेला. रुग्णवाहिका पुढच्या मंगळवारची ठरली होती.

ऑब्रीने त्याला घरी आणलं. जमीन गोठलेली होती, म्हणून एप्रिलपर्यंत शवपेटी चर्चच्या दगडी कोठीत ठेवावी लागली. तो घरात आला तेव्हा नेट्टीने त्याचा कोट काढून घेतला, पुढ्यात कॉफी ठेवली आणि विचारलं, शेवटी काही बोलला का तो.

ऑब्रीने तिला सगळं सांगितलं, ऑक्टोबरपासून. मध्ये कुठेही त्याने स्वतःला वाचवलं नाही. नेट्टी पन्नास वर्षांची सोबतीण; तुझी काय चूक, असं म्हणणं तिला सहज जमलं असतं. ती ते म्हणाली नाही. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, आणि अंधार पडला तरी दोघांपैकी कुणी दिवा लावायला उठलं नाही.