कुटारातली धामण

सुपाच्या फडफडीतून मला मोठीमाय आठवते. माझ्या वडिलांची थोरली वहिनी. अनसिंगजवळच्या आमच्या वावरात दिवाळीनंतरचं तिरपं ऊन कुटारावर, म्हणजे सोयाबीनच्या भुशाच्या ढिगावर उतरलं, की ती शेजारी पाखडायला बसे आणि उडत्या फोलपटांच्या सोनेरी धुक्यात तिचे फक्त हात दिसत. त्या ढिगात एक धामण राहायची. उंदीर खायची, म्हणून मोठीमायला ती घरातलीच वाटे.

मग गाय दूध कमी देऊ लागली. धामण गाईच्या पायांना विळखा घालून आचळ चोखते, हा आमच्याकडचा हट्टी समज. सापाला चोखता येतं का, हे विचारायची तसदी कोणी घेत नाही. तिचे यजमान, आमचे मोठेबाबा, काठी घेऊन आले. मोठीमाय ढिगाला पाठ लावून बसली. सूप थांबलं.

"सरक तिथून. गाईले पिऊन राह्यली ते."

"तुमी पाह्यलं काय पितानी?"

"सारं गाव सांगते."

"गाव उंदरं धरते काय? तिले हात लावाचा नाई, सांगून ठेवलं!"

मोठेबाबांनी काठी खाली घेतली, पण कोपऱ्यात ठेवली नाही. त्यानंतर मोठीमाय जेवायलाही कुटारापाशीच बसे. जरा सळसळ झाली की घास हातातच राही. एके दिवशी लेकीच्या आजारपणासाठी तिला मंगरूळपीरला जावं लागलं. निघताना तिनं मोठेबाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

ती परतली तेव्हा धामण बांधावर पडली होती, विहिरीच्या जुन्या दोरासारखी. मोठीमायनं पदरानं तिच्यावरची माती पुसली.

दुसऱ्या सकाळी मोठेबाबा धार काढायला गेले. सैल दाव्यातून सुटलेलं वासरू गाईला लुचत होतं, तोंडाला पांढरा फेस. ते दावं बांधून गाठ आवळत राहिले, कितीतरी वेळ.

त्या वर्षी बियाण्याची पोती उंदरांनी आतून पोखरली. आता मोठीमायही नाही. कुटारापाशी उभा राहिलो की उंदरांच्या खुडबुडीमागे मी अजून एक सळसळ शोधतो. माणूस गेलं की घर गप्प होतं. धामण गेली, आणि आमचं घर तेव्हापासून गप्प झालंच नाही.