आधी बघणारी मुलगी

"सिलिया, इकडे बघ गं!"

फुआतिनोने कॅमेरा डोळ्याला लावून हाक मारली. सिलियाची पाठ तिच्याकडे होती. पुढ्यात केवड्याच्या वाळक्या पातींची अर्धवट विणलेली चटई, आणि पोरगी दोन बोटांत पात धरून खालून वर, वरून खाली घेत होती. तिने मान वळवली नाही. फुआतिनोला त्याचं काही वाटलंही नाही. उलट मनात वाक्य जुळायला लागलं, 'हातातल्या कामात ती इतकी रमली होती, की हाकसुद्धा तिच्यापर्यंत पोचली नाही.' वाक्य झकास होतं. अशी वाक्यं तिला बसल्या जागी सुचत, म्हणून तर सामोआ सोडून आलेल्या लोकांच्या मांगेरे वस्तीत, चर्चमागच्या त्या बालवाडीत, बाई म्हणून तिचा एवढा दबदबा होता.

तेच वाक्य तिने चव घेत पुन्हा एकदा मनात म्हटलं, आणि अर्ध्यावर अडखळली.

कॅमेरा खाली ठेवून ती दोन पावलं मागे गेली. अंगणातल्या पोरांना ऐकू जाईल अशा बेताने, पण आवाज न चढवता म्हणाली, "पानीपोपो कुणाला हवेत?"

नारळाच्या रसात भिजलेल्या त्या गोड पावांचं नाव काढल्यावर सामोअन पोर जागेवर राहील, हे शक्यच नव्हतं. घसरगुंडीवरचा उलटा आला, वाळूतला भरल्या हातांनी उठला, चटईशी बसलेल्या तिघी एकदम उभ्या राहिल्या. सिलिया बसलेलीच. मग समोरची मैत्रीण उठलेली तिला दिसली. तिने मैत्रिणीच्या तोंडाकडे पाहिलं, मैत्रीण पाहत होती तिकडे पाहिलं, आणि गोड हसून सगळ्यांच्या मागे तीही धावत आली.

हे हसू आणि ही वळलेली मान फुआतिनोने आजवर किती वेळा पाहिली होती! नुसती पाहिली नव्हती, लिहिली होती.

या बालवाडीत प्रत्येक मुलाची एक फाईल असे. मूल खेळताना बघायचं, फोटो काढायचा आणि त्यातून ते काय शिकलं याची गोष्ट लिहून फाईलला लावायची, अशी तिथली पद्धत. पाचवा वाढदिवस झाला की मूल मोठ्या शाळेत जायचं आणि फाईल घरी. नियम एकच होता. मुलाला काय येतं ते लिहायचं, काय येत नाही त्याचा पाढा वाचायचा नाही. फुआतिनोला हा नियम जीव की प्राण होता. तिच्या स्वतःच्या लहानपणी, सामोआतल्या आपियाजवळच्या शाळेत, बाईंनी तिच्याबद्दल जे जे लिहिलं ते सगळं लाल शाईत लिहिलं होतं. आपण कुठल्या पोराच्या वाट्याला तसा कागद येऊ द्यायचा नाही, हे तिने नोकरीला लागतानाच ठरवलं होतं.

सिलियाची एक गोष्ट तर दारासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली होती. बसून टाळ्यांच्या ठेक्यावर करायचा सासा नाच मुलं करत होती, तेव्हाची. 'सिलिया घाई करत नाही. ती आधी मोठ्यांच्या हातांकडे बघते, मग आपले हात हलवते. बघून शिकणं, मोठ्यांच्या आधी तोंड न उघडणं ही आपल्या माणसांची रीत, आणि या चिमुरडीला ती न सांगता उमगली आहे.' हे वाचून भल्याभल्यांचे डोळे भरून आले होते. सिलियाची आजी आकेनेसे हिने तर त्याची प्रत काढून घेतली होती. रविवारी प्रार्थनेनंतर चहाच्या टेबलावर ती कागद उलगडायची आणि ज्याला नको त्यालाही वाचून दाखवायची.

फुआतिनो त्या भिंतीसमोर उभी राहिली. फोटोत सगळ्या पोरांचे हात वर होते आणि सिलियाचे अजून मांडीवर. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

बालवाडीची मुख्य लूपे वयाने फुआतिनोपेक्षा लहान आणि हुद्द्याने मोठी, त्यामुळे दोघी एकमेकींशी जपून बोलत. फुआतिनोचं सगळं ऐकून घेतल्यावर लूपे म्हणाली, "फुआताई, पोर लाजाळू आहे गं. बोलणंही बेताचंच तिचं."

"बोलणं बेताचं का आहे, ते आता कळतंय मला."

"मागच्या वर्षी कान तपासणारे आले होते ना आपल्याकडे?"

"त्या दिवशी ती घरी होती. पाठवलीच नव्हती."

लूपेने कपाळावर हात मारला. "आणि शुक्रवारी तिचा निरोपसमारंभ आहे! सगळं खानदान येणार. सोमवारी मोठी शाळा. तू आता ऐनवेळी..."

"म्हणून तर आत्ताच. तिथे तीस पोरांत ती मागच्या बाकावर बसली, तर हुशार पोरीचं माठ पोर व्हायला किती दिवस लागतील, तूच सांग."

दुपारी आकेनेसे नातीला न्यायला आली. फुलाफुलांचा लांब झगा, केसांत कंगवा, काखेत पिशवी. चर्चच्या बायकांत तिचा शब्द शेवटचा असे आणि तिचं मन मोडायचं धाडस पाद्रीबाबासुद्धा सहसा करत नसत. फुआतिनोने तिला चिंचोळ्या स्वयंपाकघरात बसवलं आणि कोकोचा कप पुढे ठेवला.

"शुक्रवारी वाचायची गोष्ट लिहून झाली का गं? यंदा जरा मोठी लिही. सुवाहून माझा दीर येतोय. त्याच्या नातवंडांचं त्याला फार कौतुक, एकदा ऐकू दे त्याला."

"काकू, गोष्टीचं नंतर बोलू. सिलियाला नीट ऐकू येत नाही, असं मला वाटतंय."

आकेनेसे हसली. "काहीतरीच! घरात सुई पडली तरी उठते ती."

"सुई पडताना तुम्ही खाली बघता, म्हणून ती उठते."

कप बशीवर ठेवल्याचा आवाज जरा मोठाच झाला. "फुआतिनो, तूच लिहिलंयस ना? आधी बघते, मग करते. मोठ्यांच्या आधी बोलत नाही. अक्षर तुझं, सही तुझी."

"माझीच. मी चुकले काकू. जे दिसलं त्याचा अर्थ मला आवडेल तसा लावला."

डोक्यावरून विमान गेलं, विमानतळ जवळच असल्याने ती दिवसभर जातच असत, आणि ते पार लांब जाईपर्यंत आकेनेसे कपाकडे बघत राहिली. मग अगदी वेगळ्या, म्हाताऱ्या आवाजात म्हणाली, "एलेनी म्हणत होती. आई आहे ना तिची. म्हणाली, हाक मारली तर ओ देत नाही, डॉक्टरला दाखवू या. मी म्हटलं, तू दिवसभर इस्पितळाच्या चादरी धूत असतेस, तुला काय ठाऊक पोर? आणि तुझा कागद ठेवला तिच्यापुढे. शिकलेल्या बाईने लिहिलंय, वाच म्हटलं. तपासणीच्या दिवशी मीच घरी ठेवली पोरीला."

फुआतिनोला रडू आलं. आपण एवढ्या मायेने लिहिलेला कागद एका आईचं तोंड बंद करायला वापरला गेला, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

बुधवारी कान तपासणारी गाडी दवाखान्याच्या आवारात उभी असे. एलेनी कामाची पाळी बदलून आली होती. पांढऱ्या गणवेशावर स्वेटर, डोळे झोपेने जड. सिलिया तिच्या मांडीवर बसली, मोठाले हेडफोन लावले आणि आवाज आला की लाकडी ठोकळा डब्यात टाकायचा, असं नर्सने तिला खुणेने समजावलं. पहिल्यापासूनच ती नर्सच्या चेहऱ्याकडे बघायला लागली. नर्स हुशार होती, तिने चेहऱ्यापुढे पुठ्ठा आडवा धरला. मग ठोकळा हातातच राहिला. कितीतरी वेळ तसाच राहिला.

"दोन्ही कानांत चिकट पाणी साठलंय," नर्स म्हणाली. "बऱ्याच दिवसांचं दिसतंय. पाण्यात डोकं बुडवल्यावर जेवढं ऐकू येतं, तेवढंच येत असणार तिला. छोटं ऑपरेशन करून नळ्या घालतील. ऐकू येईल, पण नंबर लागायला वेळ लागेल. आणि बोलणं मागे पडलंय, ते भरून काढावं लागेल."

आकेनेसेने डोळे मिटून घेतले. एलेनी मात्र नर्सकडे न बघता फुआतिनोकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं.

"बाई, माझ्या हाकेला ओ द्यायची नाही, म्हणून मी रागवायचे हिला. एकदोनदा चापटही मारली. आणि रात्री तुमची गोष्ट वाचायचे. त्यात ही किती शहाणी, किती ऐकणारी! मला वाटायचं, पोर चांगलीच आहे, आईच वाईट मिळाली."

"नाही गं एलेनी." फुआतिनोने एलेनीचा हात धरला. साबणाने सोललेला, खरखरीत हात होता तो. एलेनीने तो सोडवून घेतला नाही, पण आपणहून धरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी फुआतिनो फाईल घेऊन आकेनेसेच्या घरी गेली. आधीची पानं काढून टाकते, म्हणाली.

"मुळीच काढायची नाहीत," आकेनेसे म्हणाली. "त्यात माझीही चूक आहे. ती तू एकटीने कशी काय घेऊन जाशील? आणि पोरीने केलं, ते केलंच ना? नुसत्या डोळ्यांवर एवढी वर्षं काढली तिने."

फुआतिनोने मग शेवटचं पान लिहायला घेतलं. झकास वाक्यं सुचत होती, ती तिने एकेक करून खोडली. लूपेने कच्चा कागद वाचला आणि पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली.

"फुआताई, 'ऐकू येत नाही' असं आपण लिहीत नाही."

"मी लिहिते."

"मोठ्या शाळेत पहिल्या दिवसापासून शिक्का बसेल पोरीवर."

"शिक्का मीच मारला होता लूपे. सुंदर होता, म्हणून कुणाला दिसला नाही."

लूपेने खोडरबर शोधून रेघ पुसून टाकली.

शुक्रवारी हॉल भरून गेला. सुवाचा दीर आला होता, त्याची ती नावाजलेली नातवंडंही होती. टेबलावर तारोचे उकडलेले कंद, भाजलेलं डुक्कर, शेवया आणि पानीपोपोंच्या परातीच्या पराती. सिलियाच्या गळ्यात फुलांच्या माळा इतक्या झाल्या होत्या, की हनुवटी त्यांच्यात बुडाली होती. पाद्रीबाबा मधल्या खुर्चीत. एलेनी पहिल्या रांगेत, या वेळी सासूच्या, आकेनेसेच्या शेजारी.

फुआतिनो उठली. नेहमी ती माणसांकडे तोंड करून वाचायची. आज तिने छोटी खुर्ची ओढली, सिलियाच्या अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, आणि सावकाश वाचायला लागली.

"सिलियाला चटई विणता येते. सिलियाला नाचता येतं. सिलियाला सध्या नीट ऐकू येत नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं. तिच्या आईला आधीच कळलं होतं. तिच्या नव्या बाईंना माझी विनंती आहे, तिला मागून हाक मारू नका. समोर या, खाली बसा, तुमचा चेहरा तिला दिसू द्या. मग बघा ती काय काय करते."

बस, एवढंच. मागे खुर्च्या करकरल्या. सुवाच्या दिराने बायकोकडे पाहिलं, बायकोने आकेनेसेकडे. आकेनेसे ताठ बसली होती. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. तेवढ्यात पाद्रीबाबा उठले, म्हणून सगळ्यांची सुटका झाली. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, हनुवटी छातीला टेकवली आणि त्यांच्या त्या खोल, दाढीत विरणाऱ्या आवाजात आशीर्वादाची प्रार्थना सुरू केली. हॉलमधल्या सगळ्या माना खाली गेल्या.

"पाद्रीबाबा, जरा थांबा."

आकेनेसे उभी राहिली होती. त्या हॉलमध्ये चालू प्रार्थनेत बाईमाणूस बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि तीही आकेनेसे, जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना याच कारणासाठी चिमटे काढले होते. पाद्रीबाबांनी डोळे उघडले.

"मान वर करून म्हणा," ती म्हणाली. "माझ्या नातीसाठी मागताय ना? मग तिला तुमचे ओठ दिसू देत."

दाढीवरून हात फिरवत पाद्रीबाबा सिलियाकडे वळले, चेहरा उजेडात धरला आणि पहिल्या शब्दापासून, एकेक शब्द सुटा करत, प्रार्थना पुन्हा सुरू केली.

माना पुन्हा खाली गेल्या. एक सोडून. फुलांच्या ढिगातून मान उंच करून, टक्क उघड्या डोळ्यांनी सिलिया पाद्रीबाबांकडे बघत होती. मागे बसलेल्या आत्याने सवयीने हात पुढे केला, पोरीचं डोकं खाली दाबायला. आकेनेसेने तो हात वरच्यावर धरला आणि आमेन होईपर्यंत सोडला नाही.