वाघळांसाठी ठेवलेलं झाड

चिकूच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. दाताची खूण मात्र कुठेच नव्हती. विनिताने फळ फिरवून पाहिलं आणि पुन्हा झाडाखाली ठेवलं. तिथे तशी बरीच पडली होती.

नरपडच्या वाडीतल्या कडेच्या या झाडाचे चिकू तात्या कधीच उतरवत नसत. ते वाघळांचे. इथे पोट भरलं की ती बाकीच्या झाडांकडे फिरकत नाहीत, असा त्यांचा हिशेब. विनिता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागली तेव्हा तिने वडिलांना सांगितलं होतं, फळांवरून चाललेली भांडणं ऐकूनच लांबची वाघळं येतात. तात्या हसले होते. म्हणजे आपण जेवणाची दवंडीच पिटतो म्हण की.

यंदा झाडावर आवाज नव्हता. अळीने वाडी पोखरली होती, फवारण्या करून झाल्या होत्या. विनिताचा धाकटा भाऊ ओंकार दोन वर्षं म्हणत होता, वाडी तोडू. वाघळं येतायत तोवर नाही, हे तात्यांचं ठरलेलं उत्तर.

"गेल्या हंगामातला त्यांचा आवाज आहे ना तुझ्याकडे?" तात्यांनी विचारलं. "लाव."

"त्याने फळ सुधारणार नाही, तात्या."

"लाव तर."

गळलेले चिकू पाटीत भरणारी चंपा हसली.

"वाघळांना आवतन? आमाला कदी चाय नाय विचारली."

"तू न विचारता पितेस," तात्या म्हणाले.

दिवस मावळला. विनिताने फांदीला स्पीकर अडकवला. गेल्या वर्षीची कलकल वाडीभर पसरली आणि सुरूच्या झाडांवरून दोन काळ्या आकृत्या वळल्या. तात्या बाजेवरून उठून उभे राहिले.

एक वाघूळ फांदीला लटकलं. दुसरं अगदी त्याच्या शेजारी येऊन टेकलं. विनिताने स्पीकर बंद केला आणि मान वर करून ऐकत राहिली. आता पहिल्याने ओरडून त्याला हाकलायला हवं होतं. ते नुसतं थोडं सरकलं. फळ हुंगलं, सोडून दिलं. मग दोन्ही उडाली, गंजाड गावाच्या दिशेने.

"भांडली पन नाय," चंपा हळूच म्हणाली.

स्पीकरची वायर विनिता बोटांभोवती गुंडाळत राहिली. तात्यांनी खोडावर तळहात टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला.

"ओंकारला फोन लाव," ते म्हणाले. "वाडी तोडायची म्हणावं."